कुणाच्याच खात्यात नसलेली झुडपं

गावाची नगरपंचायत झाली की काही गोष्टी मागोमाग येतात. रस्त्याला दुभाजक येतो, चौकात हायमास्ट दिवा येतो, एखाद्या मोकळ्या जागेला जाळी लागून तिचं उद्यान होतं आणि निविदेत ‘सुशोभीकरण’ हा शब्द येतो. बार्शी–सोलापूर रस्त्यावरचं वैरागही ग्रामपंचायत मागे टाकून आता या रांगेत आलं आहे. सुशोभीकरणाची झुडपं मात्र वैरागला असोत, मोहोळला असोत की पार पुण्याला, बहुतेक तीच असतात. रोपवाटिकेतून काळ्या पिशव्यांचा ट्रक येतो, बिलावर ‘शोभेची रोपे’ आणि नगसंख्या लिहिलेली असते, नाव कुठेच नसतं. वर्षा-दोन वर्षांत त्यातल्या काहींना फळं लागतात, पिवळी, लाल, काळी, क्वचित पांढरी. एखादं पोर ती तोंडात घालतं आणि मग आई-बापांना प्रश्न पडतो की हे झुडूप आहे तरी कुठलं.

प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर शोधायला गेलं की लक्षात येतं, या झुडपांची जबाबदारी कुणीच घेतलेली नाही. झाडांची नोंद होते. १९७५ च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्ष कायद्याने शहरांनी पाच वर्षांतून एकदा वृक्षगणना करायची आहे, पण त्यात मोजायचं ते ठरावीक जाडी-उंचीचं झाड. कमरेएवढी कातरलेली हेज त्यात बसत नाही. रानातल्या वनस्पतींची नोंदही आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि अभ्यासक आजही तो उघडतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २००० च्या आसपास महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड काढले. पण या ग्रंथांचा जीव रानात आहे, बागेत लावलेल्या परदेशी झुडपाला तिथे मिळाली तर उभी राहण्यापुरती जागा मिळते. शिवाय ओळखीचा रस्ता फुलाच्या अंतर्भागातून जातो. पुंकेसर किती, बीजाशयात कप्पे किती, हे पाहायला फूल हातात लागतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कात्री फिरणाऱ्या हेजला फूल येतंच कुठे?

मराठीत झाडांवर पुष्कळ आणि चांगलं लिहिलं गेलं. शरदिनी डहाणूकरांचं ‘वृक्षगान’, श्री. द. महाजनांची झाडांवरची पुस्तकं हातात घेऊन फिरायला शिकलेली एक पिढी आहे. औषधी वनस्पतींवर तर वाटेल तेवढं छापलेलं मिळतं. पण एसटी स्टँडासमोरच्या कुंपणाला काय लावलंय, हे सांगणारं पुस्तक मी अजून पाहिलेलं नाही. वृक्षप्रेमीला ते झुडूप म्हणून हलकं वाटतं, वैद्याला त्याचा उपयोग नसतो आणि वनस्पतिशास्त्रज्ञाला ते ‘लावलेलं’ म्हणून नको असतं.

इंग्रजी पुस्तकं आहेत, सुंदर आहेत, पण ती युरोप-अमेरिकेच्या बागांची. तिथे पानगळीत पानं जातात आणि फांदीवर फळंच उरतात, म्हणून ओळख फळापासून सुरू होते. पायराकँथा, कोटोनिएस्टर, बार्बेरी ही तिथली रोजची झुडपं. सोलापूर जिल्ह्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती तग धरायची नाहीत. तिथले आडाखेही इथे लागू पडत नाहीत. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या फळाला हात लावू नये असं मुलांना शिकवतात, कारण तिथे अंगाला खाज आणणाऱ्या आयव्हीची फळं पांढरी असतात. आपल्या माळावर पांढरफळी नावाचं झुडूप आहे, त्याची पांढरी फळं गुराख्यांची पोरं आवडीने खात आली आहेत. उलट बागेतल्या रातराणीला कधीमधी पांढरी फळं येतात, ती मात्र खाण्याजोगी नाहीत. रंग तोच, निकाल उलटा.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या चौकातलं झुडूप ओळखताना फळाचा रंग सगळ्यात शेवटी बघावा. आधी फांदी बघावी. पानं समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत की तीन-तीनच्या घोळक्यात? पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का? चुरगाळल्यावर वास कसला? काटा आहे का, असला तर एकेरी की दुबेळक्याचा? एवढ्यावर निम्मी झुडपं वेगळी होतात. मग फळाकडे यावं, आणि तिथेही रंगाआधी फुलाचं जुनं हिरवं वेष्टन कुठे राहिलंय ते पाहावं. वांग्याची हिरवी टोपी देठाकडे असते, डाळिंबाचा मुकुट टोकाला. सोलापूर जिल्ह्यात ही दोन्ही उदाहरणं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. शोभेच्या झुडपांची बहुतेक इवली फळंही याच दोन तऱ्हांची असतात आणि ही खूण वाळलेल्या, चेपलेल्या फळावरही टिकते. भिंगसुद्धा लागत नाही.

सुरुवात दुरंतापासून करू, कारण हेजचं राज्य त्याचंच आहे. रोपवाटिकेत ‘गोल्डन’ म्हणून मागितलेलं पोपटी-पिवळ्या पानांचं झुडूप बहुतेक वेळा दुरंताचीच जात असते. मूळचा हा उष्ण अमेरिकेतला. सोळाव्या शतकातल्या कास्तोरे दुरांते या इटालियन वैद्याच्या नावावरून त्याचं नाव पडलं. हे लक्षात ठेवण्याजोगं, कारण कैक जणांना तो आपल्या भाषेतला शब्द वाटतो. पानं समोरासमोर, कधी तीन-तीन, आणि जुन्या फांदीवर बगलेत काटा. कातरलेल्या गोल्डनला वर्षानुवर्षं फळ दिसत नाही. याचं कारण जातीत कमी आणि कात्रीत जास्त आहे. दुरंताचा फुलोरा नव्या फांदीच्या शेंड्याला येतो आणि माळी नेमका शेंडाच उडवतो. हेजचं एखादं टोक भिंतीमागे सुटलं, दोन-तीन महिने कुणाच्या नजरेस पडलं नाही, की तिथे निळ्या-जांभळ्या फुलांचे तुरे लोंबतात आणि पावसाळा सरता सरता पिवळ्या मण्यांचे घोस.

तो मणी एकदा जवळून बघण्यासारखा आहे. वाटाण्याएवढा, गुळगुळीत, हळदीसारखा पिवळा. पण पिवळं दिसतं ते फळाची साल नसून फुलाचं बाहेरचं वेष्टन असतं. ते फळाभोवती घट्ट मिटतं आणि टोकाला त्याची किंचित वाकडी चोच उरते. नखाने वेष्टन सोललं की आत खरं फळ, त्यात चार कठीण कुया आणि प्रत्येकीत दोन बिया. चोच असलेला पिवळा मणी आपल्या बागांत दुसऱ्या कुठल्या झुडपाला येत नाही, म्हणून ही पक्की खूण. फळात सॅपोनिनं असतात. परदेशांत लहान मुलं आणि पाळीव कुत्री दगावल्याच्या नोंदी आहेत. बुलबुल तीच फळं मजेत गिळतात.

दुरंताचीच चुलत बहीण घाणेरी, आपल्याकडे काही भागांत टणटणी. १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली आणि तिथून निघाली ती देशभर पसरली. खरखरीत पान, चौकोनी काटेरी फांदी, चुरगाळल्यावर उग्र वास, एका फुलगुच्छात दोन-तीन रंग आणि नंतर हिरव्या-काळ्या मण्यांचा गेंद. ती ओळखायला कुणाला पुस्तक लागत नाही. गुरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते, हे जनावरांच्या डॉक्टरांना पाठ असतं. मुलं पिकलेली काळी फळं खातात आणि बहुधा निभावतं. त्रास कच्च्या हिरव्या फळांचा. गंमत अशी की दोनशे वर्षांनी हीच घाणेरी पिवळ्या बुटक्या रूपात, ‘लँटाना’ या इंग्रजी नावाने, पैसे मोजून पुन्हा दुभाजकात लावली जाते. विकणारे सांगतात, हिला बी धरत नाही. काही जातींना खरंच धरत नाही, सगळ्यांना नाही.

तिसरी कामिनी, काहींची कुंती. संत्र्याच्या फुलासारखा गोड वास, संयुक्त पान, साधारण पाच-सात पर्णिका. पर्णिका उजेडापुढे धरली की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानातही त्या आहेत, कारण कूळ एकच. कामिनीचं फळ शेंदरी-लाल, टोकाकडे निमुळतं, टोपी देठाकडे. कढीपत्त्याचं फळ काळं आणि गोल, पर्णिका कितीतरी जास्त. कामिनी हेजमध्ये कातरली तर तिलाही फळ येत नाही, पण बंगल्याच्या फाटकाशी मोकळी वाढलेली कामिनी वर्षातून दोन-तीनदा लाल होते. या तिघींत निर्धोक म्हणावी अशी हीच, तरी खाण्याचं फळ ते नव्हेच.

हमेलिया आता सगळीकडे आहे. शेंदरी नळीसारखी फुलं, लालसर देठ, पानं तीन-तीनच्या घोळक्यात. याचं फळ डाळिंबाच्या तऱ्हेचं, टोकाला गोल चकती, लाल होऊन काळं पडणारं, आत खसखशीसारख्या असंख्य बिया. पेंटगुळाचं कूळ हेच, म्हणून त्यालाही फळ धरलं तर मुकुट टोकालाच दिसतो, मात्र बागेतल्या संकरित पेंटगुळाला फळ दुर्मीळ. कोयनेलचं कुंपण एकेकाळी प्रत्येक सरकारी आवाराला असायचं. त्याचं हिरवट फळ वाळलं की चार फाकांत उकलतं. मेंदीच्या कुंपणाला येतात ते बोंड्यांचे झुबके. ती फळं मण्यांसारखी दिसली तरी कोरडी, तोंडात घालावी असं काही त्यांत नाही. फायकसच्या गोल छाटलेल्या ‘लॉलीपॉप’ झाडांवर दिसतात ती उंबराच्या जातीची फळं, ती या चर्चेत बसत नाहीत.

रातराणी आणि दिनका राजा ही जोडी मात्र तपासून घ्यावी. दोन्ही वांग्याच्या कुळातली, टोपी देठाकडे, पानं एकाआड एक. रातराणीचं फळ पांढरं, दिनका राजाचं जांभळट काळं. दिनका राजाच्या पानांत ड जीवनसत्त्वासारखं काम करणारं द्रव्य असतं. जनावरांनी ती सतत खाल्ली तर रक्तवाहिन्यांत, सांध्यांत चुना साठत जातो. शेळ्या मोकळ्या फिरणाऱ्या गावात दिनका राजाची हेज लावणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

आणि आता बिट्टी. पिवळी कण्हेर म्हणा, सोनेरी घंटेसारखी फुलं, लांब चिंचोळी पानं, मोडलं की पांढरा चीक. जनावर तोंड लावत नाही आणि पाणी लागत नाही, म्हणून रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाला, देवळाच्या आवारात ती हमखास. फळ हिरवं, कोनाकोनांचं, पिकल्यावर काळं, आत टणक त्रिकोणी कुय. याच बिट्ट्या सागरगोट्यांसारख्या झेलत कित्येक मुलींचं बालपण गेलं आहे. त्या कुयीतल्या गरात हृदयाचे ठोके मंद करून बंद पाडणारी ग्लायकोसाइडं आहेत. श्रीलंकेत १९८० च्या दशकापासून आत्महत्येसाठी या बिया खाण्याची अक्षरशः लाट आली आणि तिथल्या डॉक्टरांनी तिच्या उपचारांवर बराच अभ्यास केला. खेळणं आणि खाणं यात अंतर आहे, पण चार वर्षांच्या मुलाला ते कळत नाही. लाल-पांढऱ्या फुलांची साधी कण्हेर तितकीच विषारी, पण तिला मांसल फळ येत नाही, लांब शेंगा येतात, त्यामुळे पोरांचा तिच्याकडे ओढा कमी.

बिट्टी कोकीळ खातो, ही नोंद जुनी आहे. ‘पाखरं खातात म्हणजे माणसाला चालतं’ हा आडाखा गावोगाव ऐकू येतो, तो इथेच निकालात निघावा. पक्षी गर पचवतो आणि बी अखंड टाकतो, त्याचं शरीरही वेगळं. दुरंता, घाणेरी, बिट्टी तिन्हींवर पाखरांची वर्दळ असते. दुसरा आडाखा चिकाचा, पांढरा चीक म्हणजे विष. तो पुष्कळदा खरा ठरतो, पण करवंदाने तो कायमचा मोडून ठेवला आहे. बागेत लावतात ती आफ्रिकेतली करवंद, नाताळ प्लम नावाची, तिलाही चीक, दुबेळक्याचा काटा, चांदणीसारखं पांढरं फूल आणि लाल टपोरं फळ. ते पिकलं की चक्क खातात.

लावलेल्या झुडपांच्या आडोशाने न लावलेलीही येतात आणि ओळखीचा खरा घोटाळा तिथे होतो. दुरंताच्या ओळीत कामोणी उगवते, काळे मणी, लोंबता झुबका. तिचा पाला भाजीला जातो, पिकली फळं पोरं खातात, हिरवी मात्र टाळावीत. पडीक जागेच्या कडेला अश्वगंधा असते, तिचं लाल फळ कागदी पिशवीत लपलेलं. सावलीत रिव्हिना नावाची नाजूक वनस्पती पसरते, शोभेसाठी आणलेली आणि सुटलेली, मण्याचा रस लाल शाईसारखा. आणि चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. ती ना हेज ना शोभेची, पण कुंपणाला असते आणि २००० नंतरच्या बायोडिझेलच्या नादात ती आणखी लावली गेली. तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात. शाळेतली पाच-पन्नास मुलं उलट्या-जुलाबाने दवाखान्यात, अशी बातमी महाराष्ट्रात अधूनमधून येते तेव्हा बहुधा बी हिचंच असतं. तेव्हा पालकांनी चौकातल्या लाल मण्यापेक्षा शाळेमागच्या कुंपणाची काळजी आधी करावी.

मोबाइलचं काय? गूगल लेन्स आहे, फ्रान्समधल्या संस्थांनी उभं केलेलं प्लँटनेट आहे, २००८ पासूनचं आयनॅचरलिस्ट आहे, त्याच वर्षीचं इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आहे. फूल किंवा फळ असलं तर या अ‍ॅपांचं उत्तर निदान कुळापर्यंत बरं येतं. कातरलेल्या हिरव्या भिंतीचा फोटो दिला तर ती काहीही ठोकून देतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण इथेही लावलेलं झुडूप उपरंच ठरतं. आयनॅचरलिस्टवर ‘लागवडीतलं’ अशी खूण पडली की ती नोंद मागच्या रांगेत जाते, जाणकार तिच्याकडे फारसे वळत नाहीत. फोटो काढायचाच तर चार काढावेत: फांदीवर पानं कशी बसलीत, पानाची पाठ, फळाचं बूड आणि टोक, आणि फळ कापून आतल्या बिया. शेवटचा फोटो कुणी काढत नाही, आणि निम्मे वाद त्यानेच मिटतात. दुरंतात चार कुया, हमेलियात खसखस, कामिनीत एक-दोन लोकरट बिया. यांची गल्लत होणार तरी कशी?

मुलाने काही खाल्लंच तर दवाखान्यात नुसतं फळ नेऊ नये, पानांसकट वीतभर फांदी न्यावी. डॉक्टरला फळावरून झुडूप सांगता येईलच असं नाही, फांदी असली तर जाणकाराला फोटो पाठवता येतो. मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. १०८ ला फोन करावा. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालतं, डॉक्टरांना आणि सामान्य लोकांनाही तिथून फोनवर सल्ला मिळतो. बिट्टी असेल तर मूल हसत-खेळत असलं तरी वाट पाहू नये, ईसीजी काढता येईल अशा ठिकाणीच न्यावं.

या सगळ्या यादीत आपल्या मातीतलं फळझुडूप जवळपास नाही. वैरागहून सोलापूरकडे जाताना वाटेत नान्नज लागतं, माळढोकाच्या अभयारण्याचं गाव. त्या माळावर बोरी आहेत, पांढरफळी आहे, पान नसल्यासारखी दिसणारी आणि लालबुंद फळांची नेपती या भागात सापडते. माळढोक स्वतः बोरं खातो. पंढरपूरच्या या जिल्ह्यात आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला वाघाट्याची भाजी लागते, तो वाघाट्याचा वेलही काटेरी, पाऊस बेताचा असला तरी जगणारा, फळ पिकल्यावर लाल. यातलं एकही सुशोभीकरणाच्या बिलावर दिसत नाही. कारण सरळ आहे, रोपवाटिका फाटे लावून स्वस्तात वाढेल तेच वाढवते. दुरंताची कांडी पावसाळ्यात सहज फुटते, पांढरफळी बियांतून वर्षभर सांभाळावी लागते. करवंदाला काटे आहेत म्हणून उद्यान समिती नको म्हणते, आणि तीच समिती काटेरी बोगनवेल दुभाजकात हौसेने लावते.

नावाची गोष्ट याहून सोपी आहे. निविदेत ‘शोभेची रोपे’ ऐवजी झुडपाचं मराठी आणि शास्त्रीय नाव मागितलं, तर ठेकेदाराला ते रोपवाटिकेकडून लिहून घ्यावं लागेल आणि चौकातल्या फलकावर रंगवताही येईल. एका चौकात झुडपं असतात चार-पाच जातींची, फलकाला त्याहून जास्त ओळी लागत नाहीत. बिट्टी महामार्गाच्या मधोमध खुशाल राहू द्यावी, तिथे पोरं पोचत नाहीत आणि धुळीत तीच टिकते. अंगणवाडी, शाळा आणि घसरगुंडी यांच्या आसपासची मात्र काढून तिथे कामिनी लावावी. आणि ‘बी न धरणारी’ म्हणून घेतलेल्या पिवळ्या लँटानाचा एक पट्टा पुढच्या पावसाळ्यात न कातरता सोडावा. दिवाळीपर्यंत त्यावर काळे मणी आले की नाहीत, यावरून पुढचं बिल मंजूर करायचं की नाही ते ठरवता येईल.